लोवेल : मेरिमॅककाठचं गिरणगाव

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात भारतातून आई-वडील आले की पाहुणचाराचा कार्यक्रम जवळजवळ छापीलच असतो. पहिल्या शनिवारी हार्वर्ड (पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो), दुसऱ्या शनिवारी फ्रीडम ट्रेल, मग ॲशलंडचं देऊळ, आणि लाँग वीकएंड मिळाला तर नायगारा. या यादीत लोवेल नसतं. चेम्सफर्ड, वेस्टफर्डकडची आपली मंडळी लोवेलला जातात ती फार तर कंबोडियन दुकानांतून कारली आणि ताजी कोथिंबीर आणायला. पिशव्या डिकीत टाकल्या की गाडी परत. ज्या पुलावरून आपण जातो त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांच्या चार-पाच मजली इमारतींची रांग उभी आहे. तिच्यासाठी एक अख्खा दिवस काढावा, अशी माझी शिफारस आहे.

लोवेल बॉस्टनच्या वायव्येला साधारण पंचवीस-तीस मैलांवर. गाडीनं जा, नाहीतर नॉर्थ स्टेशनवरून पाऊण तासात आगगाडीनं. मार्केट स्ट्रीटवर नॅशनल पार्कचं व्हिजिटर सेंटर आहे. तेही एका जुन्या गिरणीतच. 'नॅशनल पार्क' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर अस्वलं आणि धबधबे येतात. इथे पार्क म्हणजे शहराचा जुना मध्यभागच आहे. कालवे, गिरण्या, खानावळी आणि त्यांना जोडणारे रस्ते. मधे लोक राहतात, कचेऱ्या चालतात, पोरं सायकली फिरवतात.

आधी थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पाहताना मजा येईल. फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी १८१० ते १८१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये राहिला. तिथल्या गिरण्या त्यानं नीट पाहिल्या. यंत्रं आणि नकाशे देशाबाहेर न्यायला इंग्रजांची बंदी, म्हणून यंत्रमागाची रचना डोक्यात साठवून हा परत आला. १८१४ मध्ये वॉल्थमला एकाच छपराखाली कापसापासून कापडापर्यंत सगळं करणारी गिरणी सुरू झाली. १८१७ मध्ये तो वारला. वॉल्थमच्या नदीचं पाणी अपुरं पडू लागलं तेव्हा त्याच्या भागीदारांना मेरिमॅक नदीवरचा पॉटकट धबधबा सापडला. बत्तीस फुटांचा उतार, आणि शेजारी १७९६ मध्ये नावांसाठी खणलेला एक कालवा आयता. १८२३ मध्ये पहिली गिरणी फिरली आणि १८२६ मध्ये गावाला त्याचं नाव मिळालं. ज्यानं हे गाव कधी पाहिलंच नाही, त्याचं!

पुढच्या पंचवीस वर्षांत इथे साडेपाच मैलांहून जास्त कालवे झाले. इंजिनिअर मंडळींनी इथे जरा थांबावं. कालवे दोन पातळ्यांवर आहेत. वरच्या पातळीवरच्या गिरण्यांनी पाणी वापरून खाली सोडायचं, ते खालच्या पातळीवरच्या गिरण्यांनी पुन्हा वापरायचं, आणि मग नदीत. पाणी भाड्यानं दिलं जाई, म्हणजे ते मोजावंही लागे. ते मोजायचं काम होतं जेम्स फ्रान्सिसकडे. हायड्रॉलिक्सच्या पेपरात 'फ्रान्सिस फॉर्म्युला' घोकलेला आठवतो ना? बांधावरून किती पाणी वाहतं ते काढायचा? तो आणि फ्रान्सिस टर्बाइनवाला एकच माणूस, आणि दोन्ही कामं याच गावची. १८१५ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस कॉलेजात न जाता बाविसाव्या वर्षी इथल्या कालवा कंपनीचा चीफ इंजिनिअर झाला. आपल्या कोयनेच्या तिसऱ्या टप्प्यात, कोळकेवाडीला, जी टर्बाइन्स फिरतात ती याच्याच नावाची. मी इथल्याच विद्यापीठात मास्टर्स केलं, पण त्याच्या कालव्यांवरची बोटसफर केली ती नोकरीला लागल्यावर.

ती बोटसफर चुकवू नका. उन्हाळ्यात पार्कचे रेंजर लोक कालव्यातून नेतात. वाटेत जुन्या लॉकमधून बोट जाते. लाकडी दारं हातानं लोटून उघडतात, पाणी चढतं आणि बोट वर येते. मुलांना हे कुठल्याही राइडपेक्षा जास्त आवडतं. शेवटी फ्रान्सिसचा मोठा दरवाजा दिसतो. १८५० मध्ये त्यानं कालव्याच्या तोंडावर एक अवाढव्य लाकडी दार टांगून ठेवलं. पूर आलाच तर वरची लोखंडी पट्टी छिनीनं तोडायची, की दार खाली आणि शहर वाचलं. लोक हसले. 'फ्रान्सिसचं खूळ' असं त्याचं नाव पडलं. दोनच वर्षांनी, १८५२ च्या एप्रिलमध्ये, पूर आला आणि पट्टी तोडावी लागली. शहर वाचलं. पुन्हा १९३६ मध्ये तेच दार तसंच कामाला आलं. आमच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये कुणी 'एवढं कशाला, असा प्रसंग कधी येणार?' असं म्हणालं की मला हे दार आठवतं.

आता मुख्य ठिकाण, बूट कॉटन मिल्स. 'बूट' हे कर्क बूट या मॅनेजरचं आडनाव, पायातला नव्हे. नदीला लागून आवार, मधे घंटेचा मनोरा, त्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी धोटा. ही गिरणी १९५५ मध्ये बंद पडली. १९९२ पासून तिथे संग्रहालय आहे. तळमजल्यावर ८८ जुने यंत्रमाग ओळीनं मांडलेत. सगळे एकदम चालवत नाहीत, थोडेच चालवतात. तरी दार उघडल्याबरोबर पायाखालची जमीन थरथरते. दाराशीच कानात घालायला बोळे ठेवलेले असतात.

माझे बाबा संगमेश्वरकडचे. लोअर परळच्या एका गिरणीत त्यांनी साचेखात्यात काम केलं. आधी बदली, मग कायम. १९८२ च्या संपानंतर ते परत आत गेले नाहीत. तो संप १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. बाबांनी पुढे रात्रीची वॉचमनची नोकरी केली. घरात गिरणीबद्दल ते फारसं बोलत नसत. काही वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले, तेव्हा माझा मुलगा दहा वर्षांचा होता. शाळेच्या सहलीतून तो बूट मिल बघून आलेला; मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच शाळा मुलांना इथे आणतात. 'मिल गर्ल्स' किती वाजता उठायच्या, हे त्याला पाठ होतं. आपले आजोबा काय करायचे, ते माहीत नव्हतं.

साचेखात्याच्या दाराशी बाबांनी बोळे नाकारले. "आता जायचं काय राहिलंय?" म्हणाले. आत मात्र ते रेंगाळले. आपण 'लूम' म्हणतो त्याला ते 'साचा' म्हणतात. धोटा कुठला, कांडी कुठे बसते, धागा तुटला की साचा कसा आपोआप थांबतो, हे त्यांनी नातवाला खुणांनी दाखवलं. त्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, ओठ वाचायचे असतात; ही विद्या इथल्या बायकांनाही यायची, असं रेंजरनं सांगितलं. मग त्यानं धोट्याच्या भोकातून तोंडानं धागा ओढायची जुनी पद्धत दाखवली. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची, त्यातून क्षय पसरायचा. बाबा म्हणाले, "आम्हीपण असंच ओढायचो."

बाहेर आल्यावर त्यांनी मला दुभाषा केलं. एका माणसाकडे साचे किती? रेंजर म्हणाला, सुरुवातीला दोन, मग १८४० नंतर तीन, चार. "आमचे पण दोनाचे चार केले," बाबा म्हणाले. आणि मग, "संप केला का यांनी?" केला. १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा केला, १८३६ मध्ये खानावळीचा खर्च वाढवला तेव्हा केला. दुसऱ्या संपात हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची पोर होती. मोठ्या बायका जावं की न जावं करत असताना ती उठून चालायला लागली आणि तिच्या खात्यातल्या सगळ्या मागून निघाल्या. पुढे तिनंच हे लिहून ठेवलं. "जिंकले?" बाबांनी विचारलं. पहिला हरले. दहा तासांच्या दिवसासाठी सारा बॅगली आणि तिच्या मैत्रिणींनी १८४५ मध्ये विधानसभेपुढे साक्षी दिल्या. बायकांसाठी तसा कायदा राज्यात झाला १८७४ मध्ये. बाबांनी मनात हिशेब केला. "एकोणतीस वर्षं," म्हणाले.

बूट मिलच्या समोरच कंपनीची जुनी खानावळ आहे. तीही जरूर पाहा. शेतावरून आलेल्या मुलींना राहायला-जेवायला कंपनीच्या घरांत ठेवायचे, पैसे पगारातून कापायचे. वर एक बाई नेमलेली, स्वयंपाक तिचा आणि शिस्तही तिचीच. आठवड्याला सरासरी ७३ तास काम, आणि रात्री दहाला दार बंद. जेवणाचं लांबलचक टेबल आणि वरच्या खोलीत एकेका पलंगावर दोघींची सोय पाहून माझ्या आईला लालबागच्या खानावळी आठवल्या. आपल्याकडे गडी मुंबईत आणि बायका-पोरं गावाला; इथे पोरी गिरणीत आणि आई-बाप शेतावर. आपल्या खानावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं.

संग्रहालयात एक गोष्ट लपवलेली नाही, याचं मला कौतुक वाटतं. कापूस यायचा दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. इथलं जाडंभरडं कापड परत दक्षिणेत जायचं, त्याच गुलामांच्या अंगावर; तिकडे त्या कापडालाच 'लोवेल' म्हणत. स्वाभिमानी मिल गर्ल्सची गोष्ट सांगताना हेही तिथेच सांगितलं जातं.

बूट मिलपासून थोडं चाललं की जॅक केरुआक या लेखकाच्या नावाचं छोटं उद्यान लागतं. तो १९२२ मध्ये इथेच जन्मला, फ्रेंच-कॅनेडियन घरात. ग्रॅनाइटच्या खांबांवर त्याचे उतारे कोरलेत. वर्दन स्ट्रीटवर चित्रकार व्हिसलरचं जन्मघर आहे. त्याचे वडील रेल्वे-इंजिनिअर आणि फ्रान्सिसचे पहिले साहेब. चित्रांची आवड असेल तर जा, नाहीतर नदीकाठी बसून डबा खा.

हे सगळं वाचलं कसं, तेही सांगायला हवं. १९२० नंतर गिरण्या दक्षिणेकडे गेल्या. १९६० च्या दशकात कितीतरी गिरण्या आणि खानावळी पाडल्या. उरलेल्याही गेल्या असत्या; पण पॅट्रिक मोगन नावाच्या इथल्या शिक्षणतज्ज्ञानं धरून बसून सांगितलं, की या गावाची शाळा म्हणजे हे गावच. इथेच जन्मलेले पॉल सॉन्गस काँग्रेसमध्ये होते, त्यांनी विधेयक लावून धरलं आणि १९७८ मध्ये हे नॅशनल पार्क झालं. म्हणून सगळं गोड झालं असं नाही. वँग कंपनीचे मनोरे इथेच उभे राहिले आणि १९९२ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. राखलेल्या गिरण्यांत आता महागडे लॉफ्ट आहेत. तरीही साचेखात्यात कोण उभं होतं, त्याची नावं, चेहरे, पत्रं भिंतीवर आहेत. बाबांची गिरणी होती तिथे आता मॉल आहे. मधली चिमणी ठेवली आहे, तिच्याखाली कॉफी मिळते.

गिफ्ट शॉपमध्ये तिथल्याच मागांवर विणलेले स्वयंपाकघरातले टॉवेल मिळतात. बाबांनी एक उलटसुलट करून पाहिला, काठ नखानं तपासला, "पोत बरा आहे" म्हणाले आणि दोन घेतले. गावाला ते कपाटात तसेच आहेत, आई वापरू देत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. बोटी आणि जुन्या धर्तीची ट्रॉली हंगामातच चालतात आणि माग चालवायच्या वेळाही बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. व्हिजिटर सेंटर फुकट आहे, बूट मिलला थोडं तिकीट. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथे लोककलांचा मोठा उत्सव भरतो, तोही फुकट. गर्दी सोसत असेल तर तेव्हा जा. जेवायला कंबोडियन हॉटेलं उत्तम आहेत. लाँग बीचच्या खालोखाल अमेरिकेत सगळ्यांत जास्त कंबोडियन लोक याच गावात आहेत. शाकाहारी मंडळींनी 'फिश सॉस नको' हे आधीच स्पष्ट सांगावं, भाजीतही असतो. आणि बोटीवर सावली बेताचीच, ज्येष्ठांसाठी टोप्या घ्या.