लेकरू शेवटी चढवा, आधी उतरवा

पावाच्या दुकानाबाहेर परवा पुन्हा तेच पाहिलं. सायकल एका पायाच्या स्टँडवर तिरपी उभी, मागच्या सीटवर दोनेक वर्षांचं लेकरू पट्ट्यांनी बांधलेलं आणि आई आत रांगेत. तिचं लक्ष काचेतून बाहेर होतं, हे खरं. पण मूल जरा मागे रेललं, पुढचं चाक आपोआप वळलं आणि सायकल कलली. जाणाऱ्या एका आजोबांनी हात दिला म्हणून निभावलं. इथे नेदरलँड्समध्ये उट्रेख्तची माणसं मुलांना सायकलवरून नेण्यात तरबेज आहेत, तरी ही एक सवय मला सहन होत नाही. चालत्या सायकलची धास्ती सगळेच घेतात, उभ्या सायकलची कुणी घेत नाही. बांधलेल्या मुलाला तर पडताना स्वतःला सावरताही येत नाही.

आर्वीहून धाकट्या बहिणीनेही विचारलंय की भाच्याला अंगणवाडीत सायकलने न्यायचं, तर सीट कुठली घेऊ? म्हणून हा विषय.

इथला कायदा सांगतो की आठ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय नीट टेकतील अशी बैठक हवी. मूल आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण नऊ महिन्यांपर्यंत, ते सीटवर बसवायचं नाही. युरोपीय मानकाप्रमाणे हँडलजवळची पुढची सीट १५ किलोपर्यंत आणि मागची २२ किलोपर्यंत चालते. पुढे बसलेलं मूल आपल्या दोन हातांच्या मध्ये राहतं, त्याच्याशी बोलता येतं. पण वारा त्याच्या तोंडावर येतो आणि हँडल जड होतं. मागच्या सीटला पाठ उंच, पट्टे भक्कम आणि ती जास्त वर्षं पुरते. अडचण येते ती तोलाची.

हा तोल आर्वीकरांना समजावून सांगायची गरज नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेली बंडी आठवा. मागे भार जास्त झाला की बंडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. म्हणून जाणता गाडीवान भरतानाच आसाच्या पुढेमागे किती माल पडतो ते बघतो. चढ लागला की स्वतः पुढे सरकतो, उतारावर मागे जातो. सायकलचंही असंच आहे. मागच्या सीटच्या बाजूला वजनाचा मध्य दाखवणारी एक खूण कोरलेली असते. ती खूण मागच्या चाकाच्या आसापासून १० सेंटिमीटरपेक्षा मागे जाता कामा नये. गेली की पुढचं चाक हलकं पडतं, चढावर हँडल डगमगतं. त्यात पाठीवर जड बॅग घेतली, तर भार आणखी वर जातो आणि बॅग मुलाच्या तोंडावर येते. भाजी, डबा, दप्तर पुढच्या टोपलीत ठेवा. उभ्या सायकलला दोन पायांचं स्टँड लावा. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना ते असायचंच. इथले लोक हँडल आपसूक वळू नये म्हणून पुढे एक स्प्रिंगही बसवतात.

पाय ही दुसरी काळजीची जागा. झोप आली की मुलाचा पाय लोंबतो आणि आऱ्यांत जातो. एका क्षणात टाच सोलून निघते, हाडही मोडतं. सीटच्या पाऊलदाणीचा पट्टा रोज आवळा, मूल वाढेल तशी ती खाली सरकवा. चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी हवीच. लेडीज सायकलला साडीसाठी असते तीच जाळी मुलालाही वाचवते.

पुढे लाकडी पेटी असलेल्या बाकफीट्समध्ये मुलं जमिनीजवळ बसतात, दोन-तीन मावतात. मला ती आवडते, पण ती महाग आणि अवजड. शिवाय पेटी म्हणजे हमी नव्हे. फ्रेम तुटण्याच्या धोक्यामुळे फेब्रुवारी २०२४मध्ये इथल्या सरकारी यंत्रणेने बाब्बू या प्रसिद्ध कंपनीच्या अशा सायकलींची विक्री थांबवली होती. मागे जोडायचा ट्रेलर सायकल पडली तरी सहसा उलटत नाही. मात्र मूल नजरेआड राहतं आणि ट्रकवाल्याला दिसेल एवढी उंची त्याला नसते. एसटी आणि ट्रॅक्टरच्या रस्त्यावर मी तो नेणार नाही.

तेव्हा बहिणीला माझं सांगणं असं: मागची सीट घे, दोन पायांचं स्टँड आणि जाळी लाव, पोराला हेल्मेट घाल. पोराला सगळ्यात शेवटी चढव आणि पोहोचल्यावर सगळ्यात आधी उतरव. हँडलवरचा हात तोवर सोडू नकोस.

पण घरच्यांनी एवढं करून भागत नाही. १९७१मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४००हून अधिक मुलं होती. आईबाप ‘मुलांची हत्या थांबवा’ म्हणत रस्त्यावर उतरले, सरकारच्या मागे लागले. आज मी निर्धास्त सायकल चालवते त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आर्वीच्या पालकांनीही नगर परिषदेकडे एवढं तरी मागावं: शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास शाळेसमोरचा रस्ता मोटारींना बंद. त्याला फार पैसा लागत नाही. दोन बॅरिकेड आणि एक शिपाई पुरे.