लॅपटॉप उघडता येतो का?

जुलै महिना आला की आमच्यासारख्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ माणसांचे फोन वाजायला लागतात. सीईटी वगैरे उरकलेलं असतं आणि नात्यातल्या कोणाला तरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालेलं असतं. डॉक्टरला जसं लोक लग्नाच्या पंगतीत गुडघा दाखवतात, तसं आम्हाला विचारतात, "लॅपटॉप कुठला घेऊ?" दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाला बाजारात नवीन काय आलंय हे ठाऊक असतंच असं नाही, पण हे कोणाला पटत नाही. असो.

आता सांगतोय ती 2025 च्या जुलैतली गोष्ट. माझ्या बार्शीच्या चुलतभावाच्या मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. दादाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे विहिरीवरची जळलेली मोटार आली की जुनी तार काढायची, नवी भरायची. आमच्या अख्ख्या घराण्यात इंजिनिअर होणारी ही पहिली मुलगी (मी बी.एस्सी. करून मागच्या दाराने या धंद्यात शिरलोय). तर दादाने गावातल्या दुकानात चौकशी केली आणि 92 हजारांचा एक गेमिंग लॅपटॉप ठरवूनच टाकला होता. 24 हप्ते. त्यासाठी दुकानाला घ्यायचं कॉइल वाइंडिंगचं मशीन तो पुढच्या वर्षावर ढकलणार होता. हे मला वहिनींनी हळूच सांगितलं, त्याने नाही.

मग मी विकांताला त्या दोघांना पुण्यात बोलावून घेतलं.

पोरीचं म्हणणं एकच होतं. कोणी तरी सीनियरने सांगितलं होतं, "सी.एस.ला ग्राफिक्स कार्ड लागतंच." तिला म्हटलं, कशाला? तर म्हणे, "काका, ए.आय. करायचं तर एनव्हिडिया लागतंच ना?" यात तथ्य अजिबात नाही असं नाही. मशिन लर्निंगची बहुतेक सॉफ्टवेअर्स कुडावर उभी आहेत आणि कुडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डावर चालतं. पण पहिल्या वर्षी काय असतं? गणित, फिजिक्स, ग्राफिक्सचं ड्रॉइंग आणि सी किंवा पायथनची ओळख. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, पुढे ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क. या सगळ्याला ग्राफिक्स कार्डाचा काडीचा उपयोग नाही. मॉडेल शिकवायची वेळ येते तोवर निम्मी डिग्री झालेली असते. तेव्हासुद्धा गूगलच्या कोलॅबवर टी4 नावाचं कार्ड फुकट वापरायला मिळतं, त्याची मेमरी 16 जीबी. लॅपटॉपमधल्या आर.टी.एक्स. 4050 ची असते 6 जीबी! कोलॅब मध्येच तोडतं, तासांची मर्यादा असते, हे खरं. पण विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला ते पुरून उरतं. गेम्स खेळायचे असतील, ब्लेंडरवर थ्री-डी करायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग तसं सरळ सांगावं, गेम खेळणं काही पाप नाही. अभ्यासाच्या नावाखाली बापाकडून हप्ते भरून घेऊ नयेत, एवढंच.

(सहज आठवलं म्हणून सांगतो. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं तो पी.सी. 386 चा होता, मेमरी 4 एमबी. आणि तोही हप्त्यांवर घेतलेला! तेव्हा हप्त्यांशी माझं काही वैर नाही.)

खरं पाहता मेमरी आणि डिस्कच महत्त्वाची. ब्राउझरच्या वीस टॅब, कोड लिहायचा एडिटर, मागे डेटाबेस, एखादं व्हर्च्युअल मशीन, एवढं एका वेळी चालू राहिलं पाहिजे. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर 8 जीबीत अक्षरशः घामाघूम होतो. तेव्हा 16 जीबी आणि 512 जीबीचा एस.एस.डी. याच्या खाली उतरायचं नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानदार पाटी वाचून दाखवतात ती ऐकू नये. त्या दिवशी एकाने आम्हाला रायझन 5 7520यू हा "लेटेस्ट सात हजार सिरीज" म्हणून दाखवला. त्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा असतो. 2 म्हणजे झेन 2, ही रचना 2019 मधली, आणि कोर चारच. शेजारीच 7530यू होता. एका आकड्याचा फरक, पण तो झेन 3 आणि सहा कोरचा. हे तिथल्या सेल्समनला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, कस्टमर एवढं नाही बघत."

शेवटचं अक्षरही बघावं. यू असेल तर साधारण 15 वॉटचा, एच असेल तर 45 च्या आसपासचा. हे मी दादाला फार सोपं करून वगैरे सांगायला गेलो, तर त्याने मध्येच तोडलं. "15 वॉट म्हणजे आपला झिरोचा बल्ब. आणि तो दुसरा तापणार. तापणार म्हणजे पंखा ओरडणार, आणि पंखा गेला की मशीन गेलं." संपला विषय! मी पंधरा वर्षं ही अक्षरं वाचतोय, माझ्या डोक्यात झिरोचा बल्ब कधी आला नव्हता.

आधी मी त्याला वापरलेल्या लॅपटॉपचं सुचवलं होतं. कंपन्या तीन-चार वर्षांनी बिझनेस मालिकेतले लॅपटॉप काढून टाकतात, ते तपासून, साफ करून निम्म्या भावात मिळतात. घेताना तीन गोष्टी बघायच्या. एक, इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या अलीकडचा हवा, कारण विंडोज 11 अधिकृतपणे त्याच्या खाली चालत नाही आणि विंडोज 10 चा मोफत आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. दोन, बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना. तीन, विंडोजमधूनच बॅटरी रिपोर्ट काढून नवी असताना किती होती आणि आता किती भरते हे ताडायचं. माझा स्वतःचा घरचा लॅपटॉप असाच घेतलेला आहे. पण दादा म्हणाला, "घरातली पहिली इंजिनिअर आणि तिला दुसऱ्याचा वापरलेला देऊ?" यावर मी गप्प बसलो. माणूस आयुष्यभर लोकांच्या जुन्या मोटारी जिवंत करतो आणि मुलीला मात्र नवं देऊ म्हणतो, त्याच्याशी हिशेबाने वाद घालता येत नाही.

मग नवाच बघायचा. चार दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणी पोरगी स्क्रीन बघायची, मी तपशिलाचा कागद बघायचो, आणि दादा लॅपटॉप उलटा करून खालचे स्क्रू बघायचा. सेल्समनला विचारायचा, "हा उघडता येतो का?" पहिल्या तिघांनी वॉरंटी जाईल म्हणून घाबरवलं. चौथ्या दुकानात सर्व्हिसचा एक पोरगा बसला होता. त्याने दुरुस्तीला आलेला एक लॅपटॉप उघडून दाखवला आणि तिथे दादा जो रमला... मेमरी खाचेत बसते की बोर्डावरच डकवलेली आहे, बॅटरी स्क्रूने बसवलीय की चिकटवलीय, पंखा एकटा मिळतो की सगळी नळीच घ्यावी लागते, कीबोर्ड बदलायचा तर काय काय सोडवावं लागतं. मला स्पेसिफिकेशन पाठ असतात, पण यातलं निम्मं मी दुकानात कधी विचारलं नसतं. चार वर्षं हॉस्टेलवर राहणारं यंत्र आहे. ते पडणार, त्यावर चहा सांडणार, पंख्यात गादीचा कापूस जाणार.

त्याच पोराने सांगितलं की हल्ली पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावर डकवूनच येते. म्हणजे आज घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

शेवटी घेतला तो 14 इंचांचा, 7530यू वाला, 16 जीबी आणि एक खाच रिकामी. वजन दीड किलोच्या आत. गेमिंगवाला अडीच किलो भरत होता, शिवाय त्याचा विटेएवढा अडॅप्टर वेगळा. 56 हजार, हप्ते नाहीत. रंग राखाडी. पोरीला तो फारसा आवडला नव्हता, हेही सांगायला हवं. गेमिंगवाल्याचा कीबोर्ड लाल उजळायचा, याचा साधा पांढरा. गाडीत ती थोडी गप्पच होती. रात्री मी त्यावर विंडोजशेजारी उबंटू टाकून दिलं, टर्मिनल उघडून दिलं आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर तिने टर्मिनलचा रंग काळ्यावर लाल करून ठेवला होता! :)

मेमरीचं मात्र एक सांगून ठेवतो. "आधी 8 घे, पुढे वाढव" हा सल्ला आम्ही वर्षानुवर्षं देत आलो. 2025 च्या शेवटी ए.आय.च्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. तेव्हा लागणार असेल तेवढी सुरुवातीलाच घेतलेली बरी. तिची दुसरी खाच अजून रिकामीच आहे, आणि अडलंही नाही.

दिवाळीत बार्शीला गेलो होतो. वाइंडिंगचं मशीन दुकानात आलंय. दादाकडे वीस वर्षांच्या डायऱ्या आहेत. कुठल्या कंपनीची किती एच.पी.ची मोटार, किती खाचा, कितीच्या गेजची तार, किती फेरे, सगळं त्याच्या हाताने लिहिलेलं. पोरगी दुकानातल्या बाकावर बसून त्यातलं पहिलं पान पायथनमध्ये भरत होती आणि दादा मागे उभा राहून ओरडत होता, "मिलिमीटर नाही गं, गेजच लिही. मिलिमीटरमध्ये तार मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघत बसतो."