लोखंड कापणारी माणसे

आमच्या विभागाच्या वाचनकक्षाला आमच्या दिवंगत गुरुजींचे नाव द्यावयाचे ठरले, तेव्हा पाटी कशाची करावी यावर तीन बैठका झाल्या. मराठीच्या प्राध्यापकांना तीन बैठका फार नव्हेत. संगमरवर परवडेना, लाकडाला वाळवीचे भय, आणि प्लॅस्टिकच्या पाटीवर गुरुजींचे नाव पाहणे कोणालाच रुचेना. अखेर स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यात अक्षरे आरपार कापून घ्यावीत असे ठरले. हे काम कोठे होते याची चौकशी करीत २००९ सालच्या उन्हाळ्यात आम्ही भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका शेडपाशी जाऊन पोहोचलो.

शेडमधून हात पुसत जो गृहस्थ बाहेर आला, तो आमचाच विद्यार्थी निघाला. एम. ए. च्या पहिल्या वर्षाला चांगले गुण मिळवून, दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर शिक्षण सोडून गेलेला. वडिलांचा फॅब्रिकेशनचा धंदा होता, ते आजारी पडले होते, आणि हे सांगावयास तो १९९७ साली आमच्याकडे आला होता. त्या वेळी आम्ही त्याला जे म्हणालो ते आम्हांस पक्के आठवत होते, आणि त्यालाही आठवत असणार अशी भीती होती. "लोखंड कापायला माणसे पुष्कळ आहेत," असे ते वाक्य होते. त्यात त्याच्या बुद्धीविषयी कौतुक होते असे आम्ही पुढे स्वतःला समजावीत आलो. पण वाक्यातला तिरस्कार कौतुकाहून जुना होता.

त्याने तसे काही दाखविले नाही. कागद घेतला, संगणकावर अक्षरे मांडली आणि म्हणाला, "सर, 'व'चं पोट पडेल."

आम्हांस कळेना. त्याने समजावून सांगितले. अक्षर आरपार कापले की त्याच्या बंद वाटोळ्याच्या आतला पत्रा कशालाच धरून राहत नाही, सुटून खाली पडतो. 'वाचनकक्ष' या एका शब्दात असे पडणारे तुकडे कितीतरी. ते पडू नयेत म्हणून रेषा एखाद्या ठिकाणी तोडून बारीक पट्टी शिल्लक ठेवावी लागते. तिला ही मंडळी ब्रिज म्हणतात. तो 'व'मध्ये कोठे ठेवावा, यावर आम्ही अर्धा तास घालविला. आयुष्यभर ज्या अक्षरांवर आम्ही पोट भरले, त्यांना पोट असते हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले.

मग यंत्र सुरू झाले. आमची कल्पना अशी, की लेझर म्हणजे चित्रपटातल्यासारखी लाल रेघ दिसेल. दिसले काहीच नाही. एक तोंड पत्र्यावरून सरकत होते आणि पत्र्याखाली ठिणग्या उडत होत्या. किरण अदृश्यच असतो, तो म्हणाला. कार्बन डायऑक्साइडचा लेझर आहे. आणि जोडीला नायट्रोजन. किरण तयार होतो तेथे आतही नायट्रोजन, आणि कापताना कड काळी पडू नये म्हणून बाहेरून फुंकर घालायलाही नायट्रोजन. नंतर, जणू आमच्या वर्गात एखाद्या कवीचे जन्मगाव सांगावे तशा सुरात तो म्हणाला, "याचा शोध लावणारा माणूस बारामतीत जन्मला, सर. आपल्या सी. ओ. ई. पी.मध्ये शिकला. कुमार पटेल."

आम्ही शिवाजीनगरच्या त्या महाविद्यालयावरून हजारो वेळा गेलो असू. हे नाव आम्ही ऐकलेले नव्हते.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा. १९५८ साली पुण्यातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवून न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. पहिला लेझर त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९६० मध्ये, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला होता. बेलमध्येच त्या वर्षाच्या अखेरीस हेलियम आणि निऑन या वायूंचा लेझर चालला. पण हे वायूचे लेझर फार उधळे होते. आत ओतलेल्या विजेतला नगण्य भाग प्रकाश होऊन बाहेर पडे, बाकी सगळे तापण्यात जाई.

ते अणूंच्या इलेक्ट्रॉनांवर चालत. पटेलांनी अणू सोडून रेणूकडे पाहिले. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत मध्ये कार्बन, दोन बाजूंना ऑक्सिजन. तिघेही स्प्रिंगने जोडल्यासारखे एका रेषेत थरथरत असतात. या थरथरीच्या पायऱ्या जमिनीलगतच्या असतात. तेथवर चढायला ऊर्जा थोडी लागते, आणि जी लागते तिचा मोठा हिस्सा उतरताना प्रकाश म्हणून परत मिळतो. १९६४ मध्ये, पंचविशीतच, त्यांनी हा किरण मिळविला. पहिल्या नळीतून निघालेली शक्ती मिलिवॅटच्या घरातली होती. तिने कागदही तापला नसता.

आता नायट्रोजनची गोष्ट. विजेच्या धक्क्याने नायट्रोजनचा रेणूही थरथरू लागतो, परंतु त्याला ही ऊर्जा प्रकाश करून टाकून देता येत नाही. ती बाळगून तो हिंडत राहतो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूशी धडक झाली की त्याच्या हवाली करतो. दोघांच्या पायऱ्यांची उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे या देवघेवीत फारशी तूट येत नाही. आमच्या पेशातल्या माणसाला ही ओळ दोनदा वाचावीशी वाटेल. आम्ही तीनदा वाचली. नायट्रोजन आणि पुढे हेलियम मिसळल्यावर वर्षा-दोन वर्षांत शक्ती शंभर वॅटांच्या पलीकडे गेली. खर्चिलेल्या विजेच्या शेकडा दहा-वीस भागांचा किरण होऊ लागला. त्याची लहर १०.६ मायक्रॉनांची. माणसाचे अंग ज्या अदृश्य उष्णतेने सतत उजळत असते, तिच्या आसपासची.

शोध पटेलांचा, पेटंट मात्र ज्या कंपनीत ते नोकरीला होते तिचे. अशा संस्थांचा तो रिवाजच. आणि शोध म्हणजे यंत्र नव्हे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीपासून भोसरीच्या धुळीत रोज बारा तास चालणाऱ्या यंत्रापर्यंतचा रस्ता दुसऱ्याच कोणी बांधावा लागतो. तो बांधणाऱ्यांपैकी एक जर्मनीतले बेर्टोल्ट लायबिंगर. श्टुटगार्टच्या ट्रुम्फ कंपनीत ते कामगार-उमेदवार म्हणून शिकले, मग अभियंता झाले, अमेरिकेत काही वर्षे काम करून त्याच कंपनीत परतले आणि पुढे तिचे मालक झाले. त्यांचे नाव झाले ते पत्रा कुरतडणाऱ्या यंत्रांवर. ठोकत ठोकत, एकाला एक लागून भोके पाडीत ही यंत्रे आकार कापीत. १९७९ मध्ये त्यांनी त्या ठोक्याच्या शेजारीच लेझर बसविला, म्हणजे ज्या धंद्यावर आपण उभे आहोत त्याचा वैरी स्वतःच घरात आणून ठेवला. तो लेझर अमेरिकेतून विकत घेतलेला होता. त्यावर समाधान होईना, तेव्हा १९८५ साली स्वतःचा कार्बन डायऑक्साइड लेझर बाजारात आणला. अशी पावले वाचताना सोपी वाटतात. चालत असलेले यंत्र निकामी ठरविण्यासाठी स्वतःचेच पैसे लावणे आम्हांस तरी जमले नसते. आम्ही वीस वर्षे एकाच टिपणांवरून शिकविले आहे.

लायबिंगर २०१८ साली निवर्तले. त्यापूर्वी २००५ मध्ये त्यांनी कंपनीची सूत्रे कन्येकडे सोपविली होती. या निकोला लायबिंगर-कामम्युलर यांचे शिक्षण साहित्याचे. त्यांनी प्रबंध लिहिला तो एरिष केस्टनर या लेखकाच्या उत्तरकाळातील लेखनावर. हे वाचले तेव्हा १९९७ मधले आमचे वाक्य पुन्हा कानात वाजले.

वास्तविक आम्हांस त्यासाठी जर्मनीस जाण्याचे कारण नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत चित्रकला शिकले, मग लोखंडाचे नांगर करू लागले. त्यांच्या कारखान्याचे 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक १९२० मध्ये निघाले, आणि त्याच पत्रकाचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. ज्या नियतकालिकांच्या इतिहासावर आम्ही परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न घालतो, त्यांतले एक नांगराच्या कारखान्यात जन्मले. प्रश्न घालताना नांगर तेवढा वगळतो.

पटेलांच्या कारकिर्दीचा जो भाग आम्हांस सर्वांत अधिक गुंतवितो तो उत्तरार्ध. बेलमध्ये ते मोठ्या पदावर चढले, १९९३ मध्ये लॉस एंजलिसच्या विद्यापीठात संशोधनाचे उपकुलपती झाले. पदे, पदके, मान, सर्व झाले होते. आणि २००० साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली. आमच्याकडे त्या वयात सत्कार-ग्रंथ निघतो.

कंपनीचे नाव 'प्राणालिटिका'. मराठी कानाला त्यातला 'प्राण' चुकत नाही, आणि आरंभीचे काम खरोखरच श्वासाशी निगडित होते. त्याची मुळे मागे १९७४ पर्यंत जातात. त्या सुमारास पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलूनमधून सुमारे अठ्ठावीस किलोमीटर उंचीवर उपकरण पाठवून तेथल्या विरळ हवेतला नायट्रिक ऑक्साइड मोजला होता. हा वायू ओझोनचा शत्रू, आणि सूर्य उगवल्यावर तो कसा वाढतो हे त्यांना टिपता आले. त्यासाठी वापरलेली युक्ती अशी. तुटक तुटक लेझर वायूवर सोडायचा. त्यातली विशिष्ट लहर ज्या रेणूला चालते तो ती गिळतो, तापतो, फुगतो आणि पुन्हा निवतो. या फुगण्या-निवण्याची सूक्ष्म ध्वनिलहर उठते. ती मायक्रोफोनने ऐकायची. प्रकाश ऐकून वायू ओळखण्याची ही रीत. तिच्याच धाग्याने पुढे त्यांच्या कंपनीने श्वासातला अमोनिया मोजला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे डायलिसिस चालू असता रक्तातला युरिया उतरतो, त्याच्याबरोबर उच्छ्वासातला अमोनियाही उतरतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दाखविले आहे. सुई न टोचता, केवळ फुंकरीवरून.

येथेच थांबावे अशी आम्हां साहित्यवाल्यांची इच्छा असते. पण उद्योग केवळ श्वासावर चालत नाही. बेलमध्ये १९९४ साली, पटेल तेथून बाहेर पडल्यावर, 'क्वांटम कॅस्केड' नावाचा नव्या जातीचा अर्धवाहक लेझर जन्मला होता. पटेलांच्या कंपनीने तो हाती घेऊन त्याची शक्ती वाढवीत नेली. २००९ च्या सुमारास नखाहून लहान तुकड्यातून, सामान्य तापमानाला, सलग तीन वॅट मिळविले. त्याचे गिऱ्हाईक पुष्कळसे संरक्षण खात्याशी संबंधित. विमानाची उष्णता हुंगत येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकविण्यासाठी असे किरण उपयोगी पडतात. आम्हांस हे काहीसे खटकले, हे कबूल करतो. त्याच विमानात आपले कोणी बसले असते तर खटकले असते काय, असाही प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर आम्ही स्वतःपाशी ठेवले आहे.

पटेलांना मराठी म्हणावे काय, असे या कामी चर्चा करताना एका सहकाऱ्याने विचारले. असल्या हिशेबाचा आम्हांस कंटाळा आहे. बारामतीत जन्मलेला, गुजराती नावाचा, पुण्यात शिकलेला अमेरिकन असे म्हणावे आणि पुढे जावे.

२०२३ मध्ये आम्ही पुन्हा भोसरीला गेलो. निमित्त पाटीचेच होते. ते जुने यंत्र तेथे नव्हते. तो म्हणाला, पातळ पत्र्याच्या कामात कार्बन डायऑक्साइडचे दिवस भरले, आता सगळे फायबरचे. काचेच्या तंतूतून येणारा हा किरण धातू अधिक चांगला शोषतो, आणि आरसे जुळवीत बसण्याची कटकट नाही. त्याचा उद्योग उभारणारे व्हॅलेंटिन गापोन्त्सेव्ह हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी कंपनी काढली तेव्हा तेही पन्नाशी ओलांडलेले होते. मग पटेलांचा किरण गेलाच का, असे आम्ही काहीशा हळहळीने विचारले. त्याने खिशातला मोबाइल काढून आमच्यापुढे धरला. आतली सर्वांत बारीक चिप ज्या प्रकाशाने कोरतात, तो मिळविण्यासाठी कथलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगाने सोडून त्या प्रत्येकावर लेझर मारतात. तो लेझर कार्बन डायऑक्साइडचाच, आणि ट्रुम्फने केलेला.

जाताना आम्ही धीर करून ते जुने वाक्य काढले. सव्वीस वर्षे झाली, तुला तेव्हा असे बोलावयास नको होते, असे म्हणालो. तो हसला.

"खरंच होतं ते, सर. लोखंड कापायला माणसं पुष्कळ आहेत. म्हणून तर दर पडलेत."

त्याने चहा मागविला. आमच्या हातातला मजकुराचा कागद घेतला, चष्मा कपाळावर सारून जवळून वाचला आणि पेन्सिलीने एका अक्षराभोवती गोल काढला.

"यात 'ब' आहे," तो म्हणाला. "याचे दोन तुकडे पडतील. बसा जरा."