रुयाडला जायला आम्हाला उशीर झाला

नोव्हेंबरातली सकाळ होती, सातचा सुमार. चहा अजून चुलीवरच होता आणि मुलीचा फोन आला. ती जपानात, यामागाता भागातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. नागपुरात नर्सिंग केलं, मग जपानी भाषा शिकली आणि दोन वर्षांपूर्वी तिकडे गेली. आपल्याकडे सात वाजतात तेव्हा तिच्याकडे साडेदहा झालेले असतात.

"अब्बा, मी एका डोंगराच्या पायथ्याशी उभी आहे," ती म्हणाली. "वर बौद्धांचं जुनं मंदिर आहे. सोबतच्या मुली निघाल्या. मी जाऊ का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी एकटी परदेशात, आणि विचारतेय मंदिरात जाण्याबद्दल. मग तिनंच कारण सांगितलं. तिच्या देखभालीत एक आजी आहेत. तरुणपणी त्या या डोंगरावर चढून गेल्या होत्या. आता खाटेवरून उठवत नाही. वरून दरी कशी दिसते त्याचे फोटो काढून आण, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

आम्ही म्हणालो, "जा बेटा. पूजेत सामील व्हायचं नाही आणि कुणाचा अनादरही करायचा नाही. नमाजची वेळ चुकवू नकोस. जमिनीवर फिरा, आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं तर कुरआन शरीफच सांगतं."

उत्तर देऊन आम्हाला स्वतःचंच कौतुक वाटलं. किती मोकळ्या मनाचे आईबाप आपण! तेवढ्यात तिनं विचारलं, "मग तुम्ही रुयाडला कधी गेलात?"

आम्हाला बोलता येईना. चहा उतू गेला.

हा प्रश्न आम्हाला का लागला, ते कळायला आमच्या शेजारच्या गुरुजींबद्दल सांगायला हवं.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. वैनगंगेच्या काठचं हे जुनं गाव. शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी राहायचे, ते बौद्ध. भिंतीला भिंत लागून आमची घरं. ईदच्या दिवशी नमाजहून परत आलो की पांढरा सदरा घालून गुरुजी ओट्यावर हजर. शीरखुर्म्याची पहिली वाटी त्यांची. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खिरीचं पातेलं यायचं. रमजानात मगरिबच्या आधी त्यांच्या घरातला टीव्ही आपोआप बंद व्हायचा, आमची अजान ऐकू यावी म्हणून.

आमच्या मुलीला जपान पहिल्यांदा दाखवला तोही त्यांनीच, शाळेच्या नकाशावर. ते तिला बोटाला धरून जगन्नाथ टेकडीवर न्यायचे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं पवनीत उत्खनन केलं. त्यात या टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. गुरुजी तिला एकेक अक्षर समजावून सांगायचे. दुसरा स्तूप निघाला तो सुलेमान टेकडीवर. लहानपणी आम्हाला वाटायचं, नाव सुलेमान म्हणजे टेकडी आपली. खाली बुद्धाचा स्तूप आहे हे गुरुजींकडून कळलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "नाव तुमचं, पाया आमचा. मंग भांडाचं काहून जी?"

पवनी तालुक्यातच रुयाड आहे, सिंदपुरीजवळ. तिथं महासमाधीभूमी महास्तूप उभा आहे. त्याचं लोकार्पण २००७ साली झालं. तो उभा करण्यात पुढाकार होता भंते संघरत्न मानके यांचा. विदर्भातलं हे मूल लहानपणीच जपानला गेलं. क्योतो शहराजवळच्या हिएई पर्वतावर, तेंदाई पंथाच्या एनर्याकुजी या मठात वाढलं, शिकलं आणि भिक्खू होऊन परत आलं. रुयाडला दरवर्षी ८ फेब्रुवारीला धम्म महोत्सव भरतो. जपानी भिक्खू येतात, गावोगावचे लोक जमतात.

गुरुजी दरवर्षी जानेवारी संपता संपता आमच्या दारात यायचे. "भाऊ, यंदा तरी या ना जी. वहिनीलेही आणा. पूजा करा म्हणत नाही, नुसते पाहाले या."

आणि आम्ही दरवर्षी काहीतरी सांगायचो. धान विकायचंय. पाहुणे येणार आहेत. अम्मीची तब्येत बरी नाही. एका वर्षी तर काहीच सुचलं नाही, म्हणून तापाचं सांगितलं. गुरुजी दुपारी परत येऊन औषध देऊन गेले.

खरं कारण दीन नव्हतंच. स्तूप पाहिल्यानं आमचा ईमान जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. भीती होती लोकांची. मशिदीच्या पायऱ्यांवर कुणी काय म्हणेल, कुणाच्या फोनमध्ये आमचा फोटो निघेल, एवढीच. या भीतीला आम्ही दीनचं नाव दिलं होतं.

गेल्या पावसाळ्यात गुरुजी गेले. मैतीला आम्ही गेलो, खांदाही दिला. पण रुयाडला त्यांच्यासोबत एकदाही गेलो नाही.

त्या रात्री मुलीनं फोटो पाठवले आणि सगळं सांगितलं. मंदिराचं नाव रिश्शाकुजी, पण लोक त्याला यामादेरा म्हणतात, म्हणजे डोंगरावरचं मंदिर. सेंदाई आणि यामागाता या शहरांमधल्या रेल्वेमार्गावर त्याच नावाचं छोटं स्टेशन आहे. वर पाहिलं की सरळ कातळ आणि त्याच्या काठावर जणू चिकटवलेली लाकडी घरं. एक हजाराहून जास्त पायऱ्या. दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि दगडांवर शेवाळ. मात्सुओ बाशो हा जपानचा मोठा कवी १६८९ साली इथं आला होता. इथल्या शांततेवर आणि रातकिड्यांसारख्या ओरडणाऱ्या किड्यांवर त्यानं लिहिलेली तीन ओळींची कविता तिथल्या शाळकरी मुलांनाही येते.

चढताना तिला काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्या बाया भेटल्या. डोक्यावरचा हिजाब पाहून कुणी काही विचारलं नाही. एकीनं तेवढं थांबून पाणी दिलं. वर लाकडी सज्जा आहे, तिथून खाली दरी, शेतं, रेल्वे सगळं दिसतं. आजींसाठी तिनं तिथूनच फोटो काढले. पायथ्याशी काठीला टोचलेले सोया सॉसमध्ये उकडलेले गोळे मिळतात. त्या रश्शात काय काय असतं याची खात्री नव्हती म्हणून तिनं ते खाल्ले नाहीत, डब्यातला भात खाल्ला. आणि स्टेशनाबाहेर एका कोपऱ्यात ओढणी अंथरून जोहर पढली. ऐकून तिच्या अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती म्हणाली, "अब्बा, गुरुजी सांगायचे तो दिवा आठवतो? तो इथंच आहे."

आम्हाला आठवत नव्हता. तिला सगळं आठवत होतं.

हिएई पर्वतावरचा मठ साईचो नावाच्या भिक्खूनं ७८८ साली सुरू केला. तिथला दिवा बाराशे वर्षं विझू दिलेला नाही, असं ते लोक सांगतात. तेल संपू द्यायचं नाही, एवढंच एक काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. साईचोचा शिष्य एन्निन. यामादेरा त्यानं ८६० साली स्थापन केलं अशी परंपरा आहे, आणि हिएईच्या दिव्यावरून पेटवलेली ज्योत इथं आणली गेली. पुढे १५७१ साली ओदा नोबुनागा या सरदारानं सैन्य पाठवून हिएईचा मठ जाळला. माणसं मारली गेली, ग्रंथ जळाले, दिवाही गेला. मठ पुन्हा उभा राहिला तेव्हा ज्योत आणायची कुठून? ती आणली यामादेराहून. एकेकाळी दुसऱ्याला दिली होती, म्हणून परत मिळाली.

आपल्या बोलीत याला अमानत म्हणतात.

सूरह हजमध्ये अल्लाहनं मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांचा एकाच आयतीत उल्लेख केला आहे आणि ती पाडली जाण्यापासून राखण्याची गोष्ट सांगितली आहे. ती आयत आम्ही किती वेळा पढलो असू. पण कुणाचा मठ जळाला म्हणजे काय झालं, हे त्या रात्री पहिल्यांदा मनात उतरलं. जपानातली पहिली मशीद कोबे शहरात १९३५ साली उभी राहिली. तिच्यासाठी तिथल्या हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांनीही पैसा दिला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यातूनही ती वाचली. आणि ज्या हिएईवर एकदा आग लावली गेली, तिथंच १९८७ साली जगभरच्या धर्मांचे लोक शांततेसाठी दुआ करायला जमले. त्यात मुसलमानही होते. दर ऑगस्टमध्ये तिथं अजूनही तशी सभा होते.

त्या रात्री आम्ही ठरवलं, या ८ फेब्रुवारीला जायचं. पण कुणासोबत? बोलावणारा तर उरला नव्हता. शेवटी आम्हीच गुरुजींच्या घरी गेलो आणि काकूंना विचारलं, "आम्ही तुमच्यासोबत रुयाडला आलो तर चालेल का?"

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "त्यायले लय आनंद झाला असता जी."

त्या दिवशी रस्त्यानं गर्दी होती. बैलगाड्या नाहीत आता, जीप आणि ट्रॅक्टर. पांढरे कपडे घातलेल्या बाया, खांद्यावर पोरं. दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप आमच्या गावात मातीखाली गेला होता, आणि हा नवा घुमट आमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. तरी आम्ही पाहिला नव्हता. काकूंनी वंदना केली. आम्ही जरा बाजूला, चपला हातात घेऊन शांत उभे राहिलो. हात जोडले नाहीत, मान झुकवली नाही, आणि तसं करा असं कुणी म्हणालंही नाही. एक म्हातारे जपानी भिक्खू जवळून गेले, हसले. आम्हीही हसलो. मुलगी यामागातात आहे हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण भाषा नव्हती.

दुपारी जोहरची वेळ झाली. आम्ही काही बोलायच्या आतच काकूंनी घड्याळ पाहिलं. गुरुजींच्या ओळखीच्या एका घरी आम्हाला नेलं, ओसरीत धुतलेली चादर अंथरली आणि पाण्याची बादली आणून ठेवली. "पश्चिम तिकडे हाय," त्यांनी बोटानं दाखवलं. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना आमचा किबला माहीत होता. आम्हाला मात्र त्यांचा स्तूप माहीत नव्हता.

त्या ओसरीत नमाज झाल्यावर आम्ही बराच वेळ बसून राहिलो. शेजाऱ्याबद्दल हजरत जिब्रील यांनी प्रेषितांना (स.) इतकी ताकीद दिली, की शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळतो की काय असं त्यांना वाटू लागलं. ही हदीस आम्ही मुलांना किती वेळा ऐकवली. शेजाऱ्याचा हक म्हणजे आमच्या लेखी ताटातलं त्याला द्यायचं, आजारात धावून जायचं. तो आवडीनं बोलावतो तेव्हा जायचं, हाही हकच, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. पूजेला नकार देता येतो, तो आमचा अधिकार आहे आणि गुरुजींना तो मान्यही होता. पण खोट्या तापाचं कारण? त्याला काय नाव द्यायचं? अल्लाह माफ करो. गुरुजींकडून मात्र आता माफी मागता येत नाही.

घरी आलो तेव्हा मशिदीजवळ एकानं विचारलं, कुठं गेला होता? आम्ही सांगितलं. एक जण नाक मुरडून निघून गेला. दुसऱ्यानं क्षणभर थांबून म्हटलं, "गुरुजी चांगला माणूस होता." ज्या लोकांच्या बोलण्याला आम्ही इतकी वर्षं भ्यालो, ते बोलणं एवढंच होतं. दोन मिनिटांत संपलं.

मुलीला फोन केला. तिकडे रात्र होती. आम्ही सांगितलं, "जाऊन आलो." ती म्हणाली, आजींनी दरीचे फोटो उशाशी लावलेत, रोज पाहतात. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "गुरुजींच्या काकू कशा आहेत?"

ईदला काकू आल्या, गुरुजी बसायचे त्या जागी ओट्यावर बसल्या. शीरखुर्म्याची पहिली वाटी त्यांना दिली. निघताना त्या उंबऱ्याशी थांबल्या. पुढच्या वर्षाचं त्यांनी काही विचारलं नाही. या वेळी आम्हीच विचारलं, "काकू, ८ फेब्रुवारीला जीप किती वाजता निघते?"