रोहिणीआधी टायर

जनावरांना पावसाळ्यापूर्वीची लस टोचणं आणि मोटरसायकलचे टायर बदलणं, ही दोन्ही कामं माझ्या डोक्यात एकाच महिन्याला चिकटलेली आहेत. मी पशुधन पर्यवेक्षक. नोकरीची बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यात गेली, आधी धानोऱ्याकडे, मग आलापल्ली-भामरागडच्या पट्ट्यात. आता चंद्रपूर जिल्ह्यात मूलकडे आहे. घटसर्प आणि फऱ्या हे रोग पावसाबरोबर उसळतात, म्हणून त्यांची लस मे महिन्यात, फार तर जूनच्या सुरुवातीला गावोगाव जाऊन द्यावी लागते. लस टिकते ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. बाहेर ४५-४६ अंश ऊन, कॅरियरला बांधलेल्या डब्यात बर्फ, आणि तो विरघळायच्या आत गाव गाठायचं. अशा वेळी वाटेत टायर गेला तर तासभर मोडतोच, वर लसही जाते. सकाळपासून गुरं बांधून थांबलेले लोक कंटाळतात आणि गुरं जंगलात सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधून ठेवा म्हणून सांगायला आपल्याला तोंड उरत नाही.

म्हणून टायरकडे मी बारकाईनं बघू लागलो, आणि मग दुसऱ्यांच्या टायरकडेही. या दोन जिल्ह्यांत मोटरसायकल हौसेची नाही. तिच्यावर आशाताई गरोदर बाईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात, मास्तर शाळेत जातात, मोहाची पोती बाजारात जातात, आणि एस.टी. न येणाऱ्या गावांतून अख्खी कुटुंबं लग्नाला जातात. तिघं-चौघं बसलेल्या गाडीचा समोरचा टायर गोटा झालेला दिसला की माझा जीव वरखाली होतो.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असायला हवी. चारचाकीला हीच मर्यादा १.६ आहे. ही खोली मोजायला यंत्र लागत नाही. टायरच्या कडेला, खांद्याजवळ, एक बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. तिथून बोट सरळ मध्याकडे न्यायचं. नक्षीच्या खाचेत तळाशी एक छोटा उंचवटा लागतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. बहुतेकांना ही खूण माहीतच नसते. लस टोचून झाली की गाडीभोवती जमलेल्या पोरांना मी ती दाखवतो, आणि पोरं लगेच आपापल्या गाड्यांकडे धावतात.

पण ०.८ ही अगदी शेवटची रेघ आहे आणि आपल्याकडच्या पावसाला ती पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी आलं की त्याला बाहेर पडायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे नक्षीच्या खाचा. खाच उथळ झाली की पाणी तिथंच राहतं आणि टायर पाण्यावर चालू लागतो. कोरड्या स्वच्छ डांबरावर मात्र गोटा टायरही चांगला धरतो. शर्यतीच्या गाड्यांच्या कोरड्या दिवसांच्या टायरला तर नक्षीच नसते. इथंच माणूस फसतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत झिजलेला टायर काहीच तक्रार करत नाही. ‘चालते ना जी अजून’ म्हणत माणूस उन्हाळा काढतो, आणि मृगाचा पहिला शिडकावा झाला की पहिल्याच वळणावर गाडी पायाखालून निघून जाते.

मी काडीपेटीतली काडी वापरतो. तिची जाडी साधारण दोन मिलिमीटर. टायरच्या मधोमध, जिथं झीज सगळ्यात जास्त असते, तिथल्या खाचेत ती आडवी ठेवायची. काडी पूर्ण आत बसली तर हा पावसाळा निघेल. वर डोकावली तर रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या सुमारास, टायर बदलायचा. तो टायर कायद्यानं अजून चालतो, हे मला कळतं. पण आमचे रस्ते कुणी बघावेत. घुग्घुस-बल्लारपूरच्या बाजूला कोळशाची भुकटी आणि ट्रकांचं सांडलेलं तेल वर्षभर डांबरावर साचतं. पहिल्या पावसात त्याचा काळा रबडा होतो, आणि पाऊस धुवाधार पडून तो वाहून जाईपर्यंतचा अर्धा तास सगळ्यात वाईट. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ. धानोऱ्याच्या आतल्या भागात मुरूम, आणि नाल्यांच्या रपट्यांवर शेवाळ. धान रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतला चिखल चाकांनी थेट डांबरावर आणून टाकतात, आणि तो दिसायच्या आत आपण त्यावर असतो.

समोरचा की मागचा आधी बदलायचा, हा वाद प्रत्येक पंचरवाल्याच्या टपरीवर ऐकायला मिळतो. मागचा टायर लवकर झिजतो. ओढ त्याच्यावर, ओझं त्याच्यावर. काळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस हजार किलोमीटर निघणारा मागचा टायर मुरूम-गिट्टीवर निम्म्यात संपतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे लोक मागचा बदलतात आणि समोरचा वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. पण मागचं चाक घसरलं तर पुष्कळदा गाडी सावरता येते. समोरचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. हँडल हातातून जातं आणि माणूस खांद्यावर पडतो. सगळ्यात धोकादायक चाल म्हणजे मागचा अर्धा झिजलेला टायर काढून समोर चढवणं. सरळ रस्त्यावर फिरून मागचा टायर मधोमध चपटा झालेला असतो. मोटरसायकलचा टायर गोल असतो तो वळताना गाडी कलावी म्हणून. चपटा टायर समोर आला की वळणाच्या तोंडाशी गाडी आधी अडते, मग एकदम पडल्यासारखी कलते.

नक्षी ही एक गोष्ट झाली. दुसरी मला नक्षीपेक्षा महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रबराचं वय. चंद्रपूरहून मूलकडे येताना लोहारा मागे पडला की जंगल सुरू होतं, पुढे चिचपल्ली, मग अजयपूर. वाघाचा वावर असलेला हा रस्ता आहे. संध्याकाळनंतर दुचाकीनं थांबू नये, हे इथं लहान पोरालाही ठाऊक असतं. अजयपूरच्या अलीकडे दिवस मावळताना माझ्या गाडीचा मागचा टायर कडेनं फाटला. खिळा नाही, काटा नाही, कडच उकलली. टायर नव्यासारखा होता, काही महिन्यांपूर्वीच एका दुकानातून घेतलेला, काडी पूर्ण बुडून वर जागा राहील एवढी नक्षी. मागून येणाऱ्या एस.टी.च्या चालकानं बस थांबवली आणि दिवे चालू ठेवून, प्रवाशांसकट, एक रिकामी पिकअप येईपर्यंत ती तिथंच उभी ठेवली. बसमधल्या एकाही माणसानं उशिराबद्दल कुरकुर केली नाही. पिकअपवाल्यानं गाडी चढवून मूलला आणली आणि भाडं घ्यायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्यानं तो टायर हातात घेतला, दोन्ही हातांनी कड वाकवली, आणि मामा तलावाचा तळ मे महिन्यात तडकतो तशा बारीक भेगा दिसल्या. ‘साहेब, नक्षी हाय, पन रबर मेलं जी,’ तो म्हणाला. मग त्यानं कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझा टायर सहा वर्षांपूर्वी बनलेला निघाला. तोवर हे आकडे मला कुणी वाचून दाखवले नव्हते. दुकानाच्या बाहेर दोरीला उन्हात टांगलेले टायर आपण सगळे बघतो; ऊन आणि हवेतला ओझोन त्यांना तिथंच म्हातारं करत असतात. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केलं खरं, पण उष्णता आणि प्राणवायू त्या रबराला हळूहळू कडक करत जातात, आणि आमच्या चंद्रपुरात उष्णतेला तोटा नाही. तेव्हापासून नवा टायर घेताना मी किमतीच्या आधी ते आकडे वाचतो. वर्षापेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागतो. आणि गाडीवरचा टायर पाच वर्षांचा झाला की नक्षी कितीही असो, उतरवतो. नखानं रबर दाबून बघावं. नख रुतत नसेल आणि कड वाकवल्यावर भेगा उघडत असतील, तर पुढे विचार करायचं काही राहत नाही.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो, असं आमच्याकडे बरेच जण मानतात. होतं उलटच. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दुमडतो, आणि त्या दुमडण्यानंच आतून तापतो. शिवाय दोन्ही खांदे झिजतात. हवा गाडीच्या पुस्तकात लिहिली असेल तेवढीच, सकाळी चाक थंड असताना भरावी. मागे माणूस किंवा पोतं असेल तर मागच्या चाकाला त्यासाठीचा वेगळा आकडा पुस्तकात दिलेला असतो.

झिजलेला टायर आणखी एका मार्गानं सांगतो, आणि जंगलात राहणाऱ्यांना हा मार्ग लवकर कळतो. पंचर वाढतात. बाभळीचा काटा, तोडलेल्या बांबूचा टोकदार खुंट, गिट्टीची धार हे सगळं पूर्वीही त्याच वाटेवर होतं. रबर जाड होतं तोवर ते आत पोचत नव्हतं. थोड्याथोड्या दिवसांनी ट्यूबला नवा पॅच लागायला लागला की दोष ट्यूबचा नसतो. टायरला काप गेलेला असेल तर लोक आतून गेटर टाकतात, जुन्या टायरचा तुकडा. गावापासून तालुक्यापर्यंत पोचायला तो उपाय चांगला. पण गेटरवर हंगाम काढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची काळजी वाटते.

२०२२ मध्ये लम्पीची साथ राज्यभर पसरली, तेव्हा लसीकरण भर पावसात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावं लागलं. गोठ्यागोठ्यात अंगावर गाठी आलेले बैल, आणि ऐन हंगामात बैल बसला तर घर बसतं. थांबून चालणार नव्हतं. आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. पेरमिली सोडल्यावर पंचरवाल्याच्या भरवशावर राहता येत नाही; ट्यूब, हातपंप, चाकाचे पाने आपलेच. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेच्या जुन्या बुटक्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडचं सगळं तुटायचं, हे तिकडच्या माणसाला नवीन नाही. त्या मोहिमेत आमच्या गटानं एक नियम केला होता: निघण्यापूर्वी प्रत्येकानं दुसऱ्याच्या गाडीचे टायर बघायचे, स्वतःच्या नाही. स्वतःच्या टायरला माणूस सूट देतो. ज्याचा टायर नापास, तो त्या दिवशी दुसऱ्याच्या मागे बसायचा आणि गाडी टायरवाल्याकडे जायची. भिजलेल्या रस्त्यांवर ती मोहीम आमच्या गटातला कुणीही न पडता पार पडली.

कुठं थांबावं लागेल, याचाही हिशेब आता करावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडांखाली पहाटे अस्वलं असतात. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून कुरखेडा-धानोऱ्याकडच्या वाटांवर रात्री चाक खोलून बसणं कुणालाच परवडणारं नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. एक चांगला टायर दीड-दोन हजारांना पडतो, आणि तेंदूपानांच्या पुड्यांवर वर्षाचा मोठा खर्च भागवणाऱ्या घरात ही रक्कम सहज निघत नाही. म्हणून कुणी टायर उतरवला की तो विचारणारा दुसरा कुणीतरी असतो. मी उतरवलेला टायर कुणाला देत नाही. टायरवाल्यासमोरच कडेची तार हॅक्सॉनं कापून घेतो, म्हणजे तो पुन्हा रिमवर चढत नाही. कापलेला टायर गोठ्यात, कुंपणाला, कुठंही वापरावा.

गेल्या मे महिन्यात मूलला असाच कापायला घेतला, तर सावलीकडचा एक पोरगा पुढे आला. ‘डॉक्टर साहेब, कापू नका ना. माझ्या समोरच्याला बसते का, बघा.’

टायरवाल्यानंच उत्तर दिलं. ‘बसते. पन मी बसवून देत नाही.’

पोराच्या समोरच्या टायरच्या मधल्या दोन रेषा पुसल्या गेल्या होत्या. मागे धाकटी बहीण बसली होती; रोज तिला कॉलेजला सोडतो म्हणाला. तेंदूचे पैसे अजून आले नव्हते. आम्ही तिघांनी बसून हिशेब केला: थोडे आता, थोडे मी दिले, उरलेले तेंदूचे पैसे आल्यावर. टायरवाल्यानं समोरचा रिब टायर काढला, कडेवरचे आकडे पोराला वाचायला लावले, बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना ते तपासलं आणि चाक चढवलं. मग बजावलं, ‘पयले शंभर किलोमीटर जपून. नव्या टायरवर चकाकी रायते, ते घासल्याबगर पकड येत नाही. एकदम ब्रेक दाबू नको, वळनावर जास्त झोपवू नको.’

माझाही मागचा टायर त्याच सकाळचा होता. सावलीच्या रस्त्यानंच मला लसीकरणाला जायचं होतं, म्हणून पोरगा पुढे आणि मी मागे असे आम्ही निघालो. वाटेतल्या पहिल्या वळणावर त्यानं वेळेत वेग कमी केला.