पाळीवरची नजर : गोंदिया जिल्ह्यातील अधिपरिचारिका

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात जिला सारे ‘सिस्टर’ म्हणतात, तिचे शासकीय पदनाम अधिपरिचारिका असे असून तिच्या वर परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख, आणि त्याही वर अधिसेविका, म्हणजे पूर्वीची मेट्रन, अशी उतरंड असते. या पदासाठी बारावीनंतर तीन वर्षांची जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र यांची, पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी लागते, आणि त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणीही लागते. उपकेंद्रातील ‘नर्सबाई’ ही सहायक परिचारिका प्रसाविका असून ती दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून येते; दोघींना एकच समजण्याची चूक शिकलेली माणसेही करतात.

भंडाऱ्यातून 1999 मध्ये वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2016 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. केटीएस रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय त्याला जोडले गेले, तरी परिचारिकेच्या कामाचा खरा कस शिकवण्याच्या तासाला नव्हे, तर धानाच्या रोवण्याच्या दिवसांतील रात्रपाळीत लागतो.

त्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते, म्हणून काचेच्या नव्या, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे जराही न हलवता ठेवायची आणि मग एकदाच कलती करून पाहायची, अशी साधी चाचणी खाटेजवळच केली जाते. मात्र नळी साबणाने धुतलेली असेल तर निरोगी रक्तही पातळच राहू शकते आणि गरज नसताना प्रतिविष चढवले जाते. मण्यारीचा दंश याहून फसवा असतो, कारण जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो बहुधा जाणवतही नाही, पहाटे पोटात दुखू लागते आणि मग पापण्या जड होतात. अशा रुग्णाला एका श्वासात किती अंक मोजता येतात हे परिचारिका पुन्हापुन्हा विचारते, कारण आकडा घसरू लागला की श्वसनाचे स्नायू दुबळे पडत असल्याचे कळते. मोजणी गोंडीत होवो, पोवारीत होवो की छत्तीसगडीत, ती तिला समजावी लागते, आणि ही पात्रता कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेली नसते. प्रतिविष सुरू केल्यावर अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब उतरला किंवा धाप लागली, तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी असावे, ही तयारीही तिचीच.

सिकलसेलच्या रुग्णाची तऱ्हा वेगळी. सांध्यांतील असह्य वेदना बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे नवशिक्याला तो कांगावा वाटतो. अनुभवी परिचारिका मात्र आधी सलाईन, वेदनाशामक आणि ऊब यांची सोय पाहते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्ष रात्रपाळीत हा हिशोब क्वचितच जुळतो, आणि म्हणूनच कोणत्या खाटेकडे आधी वळायचे हा निर्णय सर्वांत अवघड ठरतो.

सकाळी ‘ओव्हर’ देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, साऱ्या रात्रीचा हिशोब दोन ओळींत येतो : तीन वाजता अठरापर्यंत मोजले, पाच वाजता अकरापर्यंत, डॉक्टरांना कळवले, व्हेंटिलेटर तयार.