साखर, सशाची अँटिबॉडी आणि 'फक्त संशोधनासाठी'

मधुमेहाच्या रुग्णांकडे हल्ली रिपोर्टच्या फाइलबरोबर मोबाईलही असतो. परवा चोवीस वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांनी मला त्यावर एक पान दाखवलं: 'ग्लुकोकायनेज अँटिबॉडी'. म्हणाले, "डॉक्टर, हिची ही तपासणी कुठे होईल?"

प्रश्न चुकीच्या दिशेने नव्हता. ग्लुकोकायनेज हे एन्झाइम स्वादुपिंडाच्या बीटा पेशींमध्ये आणि यकृतात असतं. बीटा पेशी रक्तातल्या साखरेचा अंदाज याच्यामुळे घेतात आणि त्यानुसार इन्सुलिन सोडतात. त्याच्या जनुकात दोष असला, तर शरीर साखर थोड्या वरच्या पातळीवर धरून ठेवतं, तेही जन्मापासून. उपाशीपोटी साधारण 100 ते 145, वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच. जनुकाचा आणि मधुमेहाचा हा संबंध 1992 साली उघड झाला.

पण मोबाईलवरची ती अँटिबॉडी म्हणजे तपासणी नव्हेच. माणसाचं हे प्रथिन सशाला टोचतात, ससा त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतो, ती शुद्ध करून छोट्या कुपीत विकतात. संशोधक पेशींचा अर्क घेऊन त्यातली प्रथिनं वजनानुसार वेगळी करतात. ही अँटिबॉडी नेमकी ग्लुकोकायनेजला चिकटते आणि एक पट्टा उमटतो. एन्झाइम तिथे आहे, एवढंच त्यातून कळतं. ते नीट काम करतं का, हे नाही! शिवाय ते पेशींच्या आत असतं, त्यामुळे हातातून रक्त काढून उपयोग नाही. यकृताचा तुकडा कोण देणार? कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं, ते उगाच नाही.

गोंधळ नावामुळेही होतो. टाइप 1 मधुमेहात आपण रुग्णाच्या रक्तात 'जीएडी अँटिबॉडी' शोधतो. ती रुग्णाच्याच शरीराने बनवलेली असते. इथे अँटिबॉडी हे शोधायचं हत्यार आहे.

मी वडिलांना त्यांचेच जुने रिपोर्ट आणायला सांगितले. 118, 124, 121. गोळी सुरू होण्याआधीही तेच, नंतरही तेच. मुलगी सडपातळ, तिचेही आकडे तसेच. अशा घरात मागायची ती रक्तावरची जनुक तपासणी. दोष सापडला तर बहुतेकांना औषधाची गरजच नसते. गरोदरपणात मात्र वेगळा विचार करावा लागतो. मुलीचं लग्न ठरलं आहे, म्हणून नमुना लगेच पाठवला. निकाल येईपर्यंत दोघांनाही गोळ्या स्वतःहून बंद करू नका असं सांगितलं आहे.